कुर्ल्याची गाडी

गेल्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाची सहल गुजरातेत गेली होती. नाशिकहून निघून सापुताऱ्याचा घाट ओलांडला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही अहमदाबादला पोहोचलो. साबरमतीचा आश्रम पाहून झाला, अडालजची वाव पाहून झाली, आणि मग शहराबाहेर कठवाडा येथे असलेले जुन्या मोटारींचे संग्रहालय पाहायचे ठरले. खरे सांगायचे तर कला शाखेच्या आम्हा विद्यार्थिनींना मोटारींचे फारसे कौतुक नव्हते. मुलांचा आग्रह म्हणून आम्ही गेलो.

पण आत शिरल्यावर मात्र आमची बडबड थांबली. प्राणलाल भोगीलाल या हौशी उद्योगपतींनी आयुष्यभर जमविलेल्या त्या गाड्या. रोल्स रॉइस आणि डेमलर यांचा थाट राजेशाही. पण मुलांची गर्दी होती ती अमेरिकन गाड्यांभोवती. पॅकार्ड, कॅडिलॅक, ब्यूक! हातभर नव्हे, पुरुषभर लांब बॉनेट, आरशासारखे चकाकणारे दिवे, आणि त्या लांब बॉनेटखाली आठ-आठ, बारा-बारा सिलिंडरांचे इंजिन. कॅडिलॅक कंपनीने तर १९३० साली सोळा सिलिंडरांची गाडी बाजारात आणली होती, असे आमच्यातला एक मोटारवेडा मुलगा सांगत होता. ज्या काळात आपल्याकडे बैलगाडीला डांबरी सडक मिळणे मुश्कील होते, त्या काळात वाऱ्याशी शर्यत करणारी ही यंत्रे संस्थानिकांच्या दारात उभी होती. कोणती गाडी कोणत्या महाराजांची, हे सगळेजण कुतूहलाने वाचत होते. मीही वाचत होते.

बाहेर आलो तेव्हा आमच्या बसचे चालककाका झाडाखाली बसले होते. ते आत आलेच नव्हते. मी सहज विचारले, काका, तुम्ही का नाही आलात? तर त्यांनी मलाच उलट विचारले की आत कुर्ल्याची गाडी आहे का. मला काही समजेना. मग त्यांनी सांगितले की नाशिकला येण्यापूर्वी वीस वर्षे ते मुंबईत टॅक्सी चालवीत होते. काळी-पिवळी फियाट, गिअरचा दांडा सुकाणूला लागून, पुढची बैठक बाकासारखी सलग आणि मीटर बाहेर बॉनेटच्या कडेला बसविलेला. तिला सगळे फियाट म्हणत. पण ती गाडी कुर्ल्याला बनत असे. त्या गाडीवर त्यांनी दोन मुलींची लग्ने केली. आणि बोलता बोलता ते म्हणाले की तो कुर्ल्याचा कारखाना ज्यांनी काढला, त्यांनीच आमच्या जिल्ह्यातले रावळगावही वसविले.

हे ऐकून मी थबकलेच. मी मूळची मालेगाव तालुक्यातली. रावळगावच्या गोळ्या खात मी लहानाची मोठी झाले. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाले की आमच्या शाळेत हातावर पडे ती रावळगावचीच गोळी. आणि मी इतिहासाची विद्यार्थिनी! ती गोळी कोणी आणली, हे मला एका टॅक्सी चालविणाऱ्या गृहस्थांकडून कळावे? आत संस्थानिकांची नावे मी मन लावून वाचली होती. बाहेर मला एकही नाव सांगता येत नव्हते.

सहलीहून परतल्यावर मी ग्रंथालयात गेले, आणि पुढचे काही आठवडे मी शेठ वालचंद हिराचंद यांच्या सहवासात काढले. त्यांची हकीगत येथे थोडक्यात सांगते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे गुजरातेतून येऊन सोलापुरात स्थिरावलेले, दिगंबर जैन. वडील हिराचंद यांचा कापसाचा व्यापार आणि सावकारी पेढी. मुलाने मॅट्रिक होऊन मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही काळ शिक्षण घेतले, पण पदवी काही पदरात पडली नाही. घरी येऊन गादीवर बसावे, वह्या चाळाव्या, व्याज मोजावे, हाच मार्ग समोर होता. तो त्यांना मानवला नाही. पैशाने पैसा वाढविण्यापेक्षा काहीतरी उभे करावे, ही ओढ तेव्हापासूनची.

विशीतच त्यांनी एक भागीदार निवडला, आणि ही निवडच त्यांचा स्वभाव सांगते. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतले एक माजी कारकून. त्यांच्याजवळ भांडवल नव्हते, पण कामाची माहिती होती. वालचंदांजवळ घरची पत होती. दोघांनी बार्शी लाइट रेल्वेच्या एका तुकड्याचे कंत्राट घेतले. त्या काळी मोठी कंत्राटे गोऱ्या कंपन्यांनीच घ्यायची आणि देशी माणसांनी त्यांच्या हाताखाली मजूर पुरवायचे, अशी रीत होती. फाटक-वालचंद मंडळींनी ती मोडली. पुढे टाटांच्या सहकार्याने निघालेल्या बांधकाम कंपनीमार्फत त्यांनी बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे काम केले, तानसा तलावाचे पाणी मुंबईला नेणारे नळ घातले. आज आपण पुण्याहून मुंबईला जाताना गाडी बोगद्यात शिरली की दिवे लागतात आणि आपण गप्पा मारत राहतो. तो डोंगर कोणी फोडला, हे विचारण्याचे आपल्या मनात येत नाही.

१९१९ साली ते समुद्राकडे वळले. महायुद्ध नुकतेच संपले होते. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी युद्धकाळात जखमी सैनिकांसाठी दिलेली 'लॉयल्टी' नावाची एक जुनी बोट विकावयाची आहे, असे त्यांना कळले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या मित्रांना बरोबर घेऊन त्यांनी ती विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. स्वतः वालचंद तिच्यावर होते. व्यापाराच्या हिशोबाने पाहिले तर लॉयल्टी आतबट्ट्याचीच ठरली. ब्रिटिश कंपन्यांचे वर्चस्व एवढे होते की देशी बोटीला माल मिळणे कठीण. दरयुद्ध सुरू झाले, आणि अखेर १९२३ मध्ये ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करून सिंदिया जगली खरी, पण किनाऱ्यापुरती बांधली गेली. त्याच वर्षी लॉयल्टी मोडीत निघाली. परंतु तिच्या प्रस्थानाचा दिवस मात्र मोडीत निघाला नाही. १९६४ पासून ५ एप्रिल हा आपल्या देशाचा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. नुकसानीत गेलेल्या एका सफरीचा असा मान क्वचितच झाला असेल.

आता आमचे रावळगाव. मालेगाव तालुक्यातील सुमारे दीड हजार एकरांची ती खडकाळ जमीन घेतली, तेव्हा हे कसले वेड, असे कितीकांना वाटले असेल. शेतीतज्ज्ञ आणि इंजिनियर यांना हाताशी धरून जमीन सुधारण्यात वर्षे गेली. १९३३ साली तेथे रावळगाव शुगर फार्म ही कंपनी निघाली, साखर तयार होऊ लागली, आणि १९४२ पासून त्या साखरेच्या गोळ्या. उसाच्या मळ्यांभोवती कामगारांची घरे, शाळा, दवाखाना असे गाव उभे राहिले. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर हे त्याचे थोरले भावंड. माझ्या आजोबांच्या पिढीला पगाराचा ठराविक दिवस म्हणजे काय हे पहिल्यांदा कळले ते अशाच ठिकाणी.

पण मला शोध होता तो कुर्ल्याच्या गाडीचा.

मोटारी हिंदुस्थानात येत होत्या, त्या दोन प्रकारांनी. संस्थानिकांच्या गाड्या सबंध येत. त्याच आम्ही कठवाड्याला पाहिल्या. दुसरा प्रकार खोक्यांचा. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडीजवळ कारखाना काढला, आणि पुढे फोर्डनेही मुंबईत तसाच काढला. तेथे गाडी बनत नसे, जोडली जात असे. सुटे भाग खोक्यांत भरून जहाजाने येत. येथे ती फोडायची, भाग बोल्टांनी जोडायचे, रंग द्यायचा आणि गाडी बाहेर काढायची. येथल्या कामगाराला जोडणीची मजुरी मिळे. पण लोखंड ओतण्याची, इंजिनाचा ठोकळा घडविण्याची, दातेरी चाके कापण्याची विद्या समुद्रापलीकडेच राही. पाटावर वाढलेले जेवणे आणि स्वयंपाक येणे यांत जे अंतर आहे, तेच हे अंतर होते.

हा स्वयंपाक आपल्याला आला पाहिजे, असे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना वाटत होते. मुंबईत मोटारीचा कारखाना काढण्याची योजना त्यांनी तिसाव्या दशकाच्या मध्यात तयार केली होती. वालचंदांनी ती उचलून धरली. १९३७ साली मुंबई प्रांतात आलेले काँग्रेसचे मंत्रिमंडळ अनुकूल होते. १९३९ साली वालचंद स्वतः अमेरिकेला गेले. फोर्ड कंपनीशी बोलणी केली, ती जमली नाहीत. मग क्रायस्लर कंपनी राजी झाली. डॉज, प्लिमथ, डी सोटो या गाड्या तिच्याच. आता सगळे जुळून येणार, तोच महायुद्ध पेटले, नोव्हेंबर १९३९ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि दिल्लीच्या सरकारने या योजनेला पाठिंबा नाकारला. मोटार कारखाना युद्धकार्याला आवश्यक नाही, अशी सरकारची भूमिका होती. आणि त्याच युद्धात पलटणींसाठी परदेशातून जहाजे भरभरून लष्करी मोटारी या देशात उतरत होत्या!

येथे दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. वालचंदांच्या बाबतीत उलटेच घडले. मोटारीसाठी अमेरिकेला गेलेला हा माणूस परतताना पॅसिफिक महासागरावरून विमानाने येत होता. त्या प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी ओळख झाली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होते. त्या ओळखीतून वालचंदांच्या मनात विमानांच्या कारखान्याने घर केले. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन आणि भांडवल यांची मदत दिली, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये तेथे तयार झालेले पहिले विमान आकाशात गेले. मोटार नको म्हणणाऱ्या सरकारला विमाने मात्र हवी होती. इतकी हवी होती की १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्याच ताब्यात घेतला.

जहाजबांधणीचेही थोडेफार असेच. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाज कारखान्याची कोनशिला बसली. युद्धामुळे काम रखडले. स्वातंत्र्यानंतर १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी तेथे बांधलेली 'जलउषा' ही बोट पाण्यात सोडली. पुढे १९५२ मध्ये तो कारखानाही सरकारच्या नव्या कंपनीकडे गेला.

आणि मोटार? ती ते विसरले नव्हते. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, कुर्ल्याला जागा घेतली गेली, आणि १९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, क्रायस्लरच्या सहकार्याने तेथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की या गाड्याही आरंभी खोक्यांतूनच येत होत्या. फरक एवढाच की येथे खोकी हा आरंभ होता, शेवट नव्हता. एकेक भाग येथे करीत न्यायचा, हा निर्धार होता. १९५३ साली सरकारने नियम केला की जे येथे खरोखर गाडी बनविणार असतील त्यांनीच राहावे. तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. कुर्ल्याचा कारखाना राहिला. इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला होताच. त्यातून १९५४ पासून फियाट अकराशे आली, आणि तिचीच पुढची पिढी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, आमच्या चालककाकांची गाडी.

ती अकराशे पाहायला वालचंद नव्हते. १९४९ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. १९५० मध्ये ते सर्व व्यवहारांतून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. कारखाने पुढे भावांनी आणि पुतण्यांनी पाहिले.

हा लेख मी आमच्या इतिहासाच्या सरांना दाखविला, तेव्हा त्यांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. वालचंद हे उद्योगपती होते, संत नव्हते. नफ्यासाठीच त्यांनी कंपन्या काढल्या, आणि त्यांच्या कारखान्यांत घाम गाळणाऱ्यांचा इतिहास वेगळा लिहावा लागेल. सरांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. बोरघाटातल्या बोगद्यांत सुरुंग लावणाऱ्या मजुरांची नावे मला कोठेच सापडली नाहीत, आणि ती खंत हा लेख लिहितानाही आहे. पण तरीही एक विचार मनातून जात नाही. नफाच हवा असता तर सोलापूरची पेढी काय वाईट होती? क्रायस्लरच्या तयार गाड्या आणून विकल्या असत्या तरी पैसा मिळालाच असता, आणि तोही विनासायास. गाडी विकत घेणारे या देशात पुष्कळ होते; गाडी करता आली पाहिजे, म्हणून दहा वर्षे दारोदार हिंडणारे फार थोडे. लॉयल्टी मोडीत गेली, विमाने सरकारने घेतली, मोटार सरकारने नाकारली. आणि हा माणूस एक दार बंद झाले की पुढचे ठोठावीत राहिला.

मग या सर्वातून आज उरले काय, असा प्रश्न कोणीही विचारील. कुर्ल्याच्या गाडीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. रावळगावच्या गोळ्यांची नावे २०२४ साली रिलायन्सच्या कंपनीने सत्तावीस कोटी रुपयांना विकत घेतली. सिंदियाच्या बोटी कधीच्याच दिसेनाशा झाल्या. वरवर पाहता सगळे संपलेच म्हणायचे.

परंतु मी नाशिकची आहे, आणि मला तसे म्हणवत नाही. बंगलोरची ती हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी १९६४ साली दुसऱ्या सरकारी कंपनीत मिसळून हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. तिचा कारखाना आपल्या ओझरला आहे. तेथे मिग विमाने तयार झाली, सुखोई तयार झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला तयार झालेले पहिले तेजस आकाशात गेले. वर्गात तास चालू असताना विमानाचा गडगडाट झाला की सर क्षणभर थांबतात, आम्ही खिडकीकडे पाहतो, आणि आवाज विरला की तास पुढे चालू होतो. त्या गडगडाटाचे मूळ शोधीत गेले तर ते मोटारीच्या शोधात अमेरिकेला गेलेल्या आणि रिकाम्या हाताने न परतलेल्या सोलापूरच्या एका माणसापर्यंत जाते. त्यांनी पेरले एक, आणि उगवले भलतेच, पण उगवले.

कठवाड्याच्या संग्रहालयावर माझा राग नाही. सुंदर वस्तू जपणे हेही एक व्रतच आहे, आणि त्या पॅकार्ड व कॅडिलॅक गाड्या मी पुन्हाही आनंदाने पाहीन. पण त्या सगळ्या दुसऱ्यांनी केलेल्या आणि आपल्यातल्या श्रीमंतांनी घेतलेल्या गाड्या. माझी एवढीच इच्छा आहे की आपल्या नाशकात कोठेतरी, लहानशा खोलीत का होईना, कुर्ल्याची एक काळी-पिवळी फियाट उभी असावी. तिच्याशेजारी रावळगावच्या गोळ्यांची बरणी असावी आणि ओझरच्या एखाद्या विमानाचा फोटो. या तिन्ही वस्तू एकत्र का ठेवल्या, हे सांगणारी पाटी आम्ही कला शाखेचे विद्यार्थी लिहून देऊ. उद्घाटनाला मात्र आमच्या चालककाकांना बोलवायचे. त्या दिवशी ते झाडाखाली बसणार नाहीत.

ती खोली होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या वार्षिकाचे हे पान हीच ती पाटी समजावी.